जिन्याखालचं बटण

दिवाळीच्या आधी चांदवडच्या घराचं वायरिंग बदलून घेतलं. वायरमन एकेक बोर्ड उघडत होता आणि मी शेजारी उभा राहून "हे पंख्याचं, हे ट्यूबचं, हे झिरोच्या बल्बचं" असं सांगत होतो. जिन्याखाली आलो आणि अडलो. गोल लाकडी ठोकळ्यावर एक तपकिरी, जुन्या पद्धतीचं बटण.

"हे कशाचं, भाऊ?"

"कशाचंच नाही."

"कशाचंच नाही असं बटण कोणी बसवत नाही," तो म्हणाला आणि पेचकस शोधायला लागला.

बरोबरच होतं त्याचं. लहानपणापासून ते बटण मी बघतोय. खाली केलं की खट्, वर केलं की खट्, बाकी काही नाही. आई ओरडायची, "त्याला हात लावू नको." का, ते मी कधी विचारलं नाही. आमच्या गावाची गंमतच आहे. होळकरांच्या रंगमहालातून भुयार कुठे निघतं यावर पारावर तासभर वाद घालतील, पण स्वतःच्या घरातलं बटण कशाचं, हे कोणी विचारणार नाही.

अमेरिकेतल्या मावसभावाला फोनवर हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. त्याच्याही घरात असं एक बटण होतं. वर्षभराने कळलं की ते भिंतीतल्या सॉकेटच्या अर्ध्या भागाचं आहे. तिकडे नियमच असा आहे की राहत्या खोलीत दारापाशी दिव्याचं बटण हवं. पण छताला दिवा नसेल तर ते बटण एखाद्या सॉकेटला जोडलं तरी चालतं. तिथे टेबललॅम्प लावायचा. लॅम्प नसेल तर बटण मुकं! आपल्याकडे सॉकेटच्या शेजारीच त्याचं बटण असतं, त्यामुळे हा घोळ सहसा होत नाही. आपल्या मुक्या बटणांची कारणं वेगळी.

त्यातलं एक तर ताजंच आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले. दिवसाचे कित्येक तास लाईट नसायची. मग एक पंखा, दोन दिवे एवढ्यांची वेगळी लाईन, वेगळी बटणं. नंतर भारनियमन कमी झालं, इन्व्हर्टरची बॅटरी गेली ती कोणी बदलली नाही, बटणं तशीच राहिली. आमच्याकडे अशी तीन निघाली.

पण जिन्याखालचं बटण त्याहून कितीतरी जुनं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे १८८२ साली लागले, खोपोलीची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळायला लागली. आमच्या घरात मात्र १९६० साली राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर काही वर्षांनी लाईट आली. तोवर माजघराच्या भिंतीतल्या दिवळ्या आणि तुळईला टांगलेला कंदील. (तो आकडा अजून आहे. त्यालाही आता काही काम नाही.) तेव्हा एकेक दिवा मोजून घेत. आजोबांनी ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि माडीवर जाणारा जिना, एवढ्याच ठिकाणी बल्ब घेतले.

वायरमनने झाकण उघडलं आणि म्हणाला, "हे टू-वे आहे." साध्या बटणाला दोन वायरी, याला तीन.

जिन्याच्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली, एक वर. दोघांच्या मध्ये दोन वायरी जातात आणि प्रत्येक बटण त्या दोनांपैकी एक वायर निवडतं. दोघांनी एकच वायर निवडली तर दिवा लागतो, वेगवेगळ्या निवडल्या तर विझतो. म्हणून खालून लावलेला दिवा वरून मालवता येतो. पण एकट्या बटणाला इथे काही अर्थ नाही. दुसरं जोडलेलं नसेल तर हे कितीही दाबा, नुसतं खट्.

मग दुसरं कुठे गेलं?

आईला विचारलं. ती म्हणाली, "वाटणीत गेलं."

१९७८ साली वडिलांच्या आणि काकांच्या वाटण्या झाल्या. खालचं घर आमचं, माडी काकांची. काकांनी बोळातून लोखंडी जिना काढला, आतल्या जिन्याचं वरचं तोंड फळ्या ठोकून बंद केलं. मीटर वेगळे झाले. दोन मीटरांची लाईन एकमेकांत मिसळून चालत नाही, म्हणून मधल्या वायरी तोडल्या. बल्ब काढला, होल्डर काढला. जिन्याखाली कांद्याची पोती आणि अडगळ आली. बटण मात्र कोणी काढलं नाही. वाटणीच्या कागदात घराच्या खणांची मोजदाद आहे, अगदी परसातल्या लिंबाचीही आहे. बटणाची नाही.

दुपारी बोळातून वर गेलो. काका जाऊन बरीच वर्षं झाली, काकू एकट्याच असतात. विचारल्यावर त्यांनी कपाटामागे बोट दाखवलं. तेच तपकिरी बटण, तोच गोल ठोकळा.

"मला वाटायचं तुमचं आहे ते," काकू म्हणाल्या. "दाबलं तर खाली तुमची लाईट जाईल, म्हणून पोरांना कधी हात लावू दिला नाही."

खाली येऊन आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मलाही तेच वाटायचं."

वाटण्यांनंतर दोन्ही घरांत बोलणं नव्हतं अशी कितीतरी वर्षं गेली. लग्नाच्या पत्रिकासुद्धा तिसऱ्याच्या हातून जायच्या. आणि त्या सगळ्या वर्षांत दोन्हीकडच्या बायका, दुसरीच्या घरात अंधार होऊ नये म्हणून, आपापल्या पोरांना एका बटणापासून लांब ठेवत होत्या.

वायरमनला वायरीचे उरलेले तुकडे काढायला सांगितले. मुक्या बटणातही करंट असू शकतो, तेव्हा तुमच्या घरात असं काही असेल तर टेस्टर लावल्याशिवाय हात घालू नका. बटण मात्र भिंतीवर राहू दिलं. संध्याकाळी आई बोळातला जिना चढून वर गेली. गुडघे दुखतात तिचे, तरी गेली. चहा तिकडेच झाला म्हणे.