आंकड्यांची मोहिनी

मराठी भाषेला आंकड्यांची हौस फार जुनी आहे. उपद्व्यापी मनुष्याच्या मागें ‘सतराशें साठ’ भानगडी असतात, फुशारकी मारणाऱ्याला आम्ही ‘असे छप्पन्न पाहिले’ म्हणून वाटेस लावतों, आणि निर्मळ मनाच्या गृहस्थास ‘बावनकशी सोनें’ म्हणतों. त्या सतराशें साठ भानगडी कोणीं मोजल्या, हें कोणी विचारीत नाहीं. कारण येथें संख्या हा केवळ अलंकार आहे, हें बोलणारा व ऐकणारा दोघेही जाणून असतात. परंतु हाच अलंकार व्यापाऱ्याच्या हातीं जाऊन हिशेबाचा वेष धारण करतो, तेव्हां काय होतें? जाहिरातींच्या इतिहासांतील तीन आंकडे या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत.

पहिला आंकडा साबणाचा. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं १८३७ सालीं मेणबत्त्या करणारा प्रॉक्टर व साबण करणारा गॅम्बल यांनीं भागींत धंदा मांडला. पुढें त्यांच्या पेढीनें एक पांढरा साबण काढला व १८७९ सालीं त्याला ‘आयव्हरी’, म्हणजे हस्तिदंत, असें नांव दिलें. त्या काळीं ऑलिव्ह तेलाचा कॅस्टाइल साबण उत्तम समजला जाई. आपला माल त्याच्या तोडीचा आहे हें दाखविण्यासाठीं हार्ले प्रॉक्टर यानें तो रसायनज्ञांकडून तपासून घेतला. त्यांत संयोग न पावलेला क्षार शेंकडा ०.११, कार्बोनेट ०.२८ व खनिज द्रव्य ०.१७ निघालें. एकूण भेसळ ०.५६. शंभरांतून ती वजा करून १८८२ सालीं जाहिरात झळकली, कीं हा साबण शेंकडा ९९.४४ शुद्ध आहे.

‘अगदीं शुद्ध’ असें कोणताही दुकानदार म्हणतो, आणि म्हणूनच त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. पण जो आपला अर्ध्या टक्क्याचा दोष आपण होऊन कबूल करतो, तो उरलेल्या साडेनव्याण्णवांविषयीं खोटें कशाला सांगेल? त्या अपूर्णांकाची सारी मोहिनी या विचारांत आहे. आंकडा खरा होता, हें मान्य केलेंच पाहिजे. मात्र शुद्धता म्हणजे काय, हें ठरविणारी मोजपट्टी विकणाऱ्यानें निवडली होती. साबण कातडीला मानवतो कीं नाहीं, कपडा किती टिकतो, यांविषयीं ती संख्या मूक होती. ग्राहकानें मात्र तीं उत्तरेंही तिच्यांतच वाचलीं.

दुसरा आंकडा लोणच्यांचा. पिट्सबर्गचा हेन्री हाइन्झ हा डबाबंद व बाटलीबंद खाद्यपदार्थांचा व्यापारी. १८९६ सालीं न्यूयॉर्कच्या उन्नत आगगाडींतून जात असतां त्यानें जोड्यांच्या एका दुकानाची जाहिरात पाहिली. तींत एकवीस तऱ्हांचे जोडे मिळतील असें लिहिलें होतें. ती कल्पना त्याच्या मनांत घर करून बसली. त्याच्या स्वतःच्या कारखान्यांत त्या वेळीं साठांहून अधिक पदार्थ होत होते. तरी त्यानें ‘५७ प्रकार’ हेंच ब्रीद ठरविलें, कारण तो आंकडा त्याच्या कानाला गोड लागला. १९०० सालीं न्यूयॉर्कच्या भर चौकांत सहा मजले उंच, बाराशें दिव्यांची पाटी हाच आंकडा रात्रीं आकाशांत लिहूं लागली.

हा आंकडा, मोजणी म्हणून पाहिल्यास, चुकीचाच. पण तो खऱ्याहून कमी होता, आणि बाटली उघडतांच लोणच्याची चव ज्याची त्याला कळत होती. तेव्हां ग्राहकाचें यांत कांहींच गेलें नाहीं. ‘५७’ ही आमच्या ‘सतराशें साठ’चीच पाश्चात्य बहीण होय.

तिसरा आंकडा मात्र या दोहोंहून निराळा आहे. शेंकडा ८० हून अधिक दंतवैद्य कोलगेटची शिफारस करतात, अशी जाहिरात इंग्लंडांत लागली होती. वाचणाऱ्याचा समज काय झाला असेल? दर पांचांपैकीं चार वैद्य इतर सर्व मंजनें बाजूस सारून हेंच घ्या म्हणतात, हाच. परंतु ज्या पाहणीवर ही संख्या उभी होती, तींत वैद्यांस एकाहून अधिक मंजनांचीं नांवें घेण्याची मुभा होती. प्रतिस्पर्ध्यांचीं नांवेंही त्यांनीं घेतलीं होतीं. २००७ च्या आरंभीं तेथील जाहिरात-नियंत्रक संस्थेनें ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरवून पुन्हां न लावण्याचा निर्णय दिला.

येथें मोजणी झाली होती, बेरीजही बरोबर होती. खोटा होता तो वाचकाच्या मनांत उतरलेला अर्थ. म्हणून आंकडा खरा कीं खोटा एवढेंच विचारणें पुरेसें नाहीं, असें आमचें मत आहे. ‘५७’ चुकीचा असून निरुपद्रवी, आणि ‘८०’ बरोबर असून फसवा! खरी भीति या दुसऱ्या जातीच्या संख्येची आहे. कारण सुशिक्षित मनुष्य अतिशयोक्तीला हंसतो, परंतु टक्केवारीपुढें मान तुकवितो. शाळेंत गणितानें त्याला शिस्त लावलेली असते, आणि त्याच शिस्तीचा फायदा विक्रेता घेतो. मुलांच्या शिकवणीचे वर्ग, औषधें, विम्याच्या योजना, सारीं आज शेंकड्यांत बोलतात. आणि घरांतील पैसा व प्रकृति त्यांच्या भरंवशावर खर्ची पडते.

अशा वेळीं तीन गोष्टी विचाराव्या: मोजलें कोणीं, मोजलें काय, आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता? ‘बावनकशी’ या शब्दांतही आंकडाच आहे. पण त्याच्या पाठीशीं कसोटीचा दगड असे, आणि एका सराफाचा भरंवसा न वाटल्यास तेंच सोनें दुसऱ्याच्या दगडावर घासून पाहतां येई. जी संख्या दुसऱ्याच्या दगडावर चढण्यास तयार नाहीं, तिला आम्ही तरी हिशेबांत धरणार नाहीं.