पाचाची गोडायव्हा, पाचशेचे माकड

लंडनच्या ईस्ट एंडमध्ये कुणी ‘मंकी’ उसना मागितला, तर त्याला पाचशे पौंड हवे असतात. ‘पोनी’ म्हणजे पंचवीस आणि ‘लेडी गोडायव्हा’ म्हणजे पाच. तिन्ही नावे एकाच बाजारात चालत असली, तरी त्यांचे कूळ एक नाही.

गोडायव्हा ही यमकी बोलीची लेक. या बोलीची रीत सोपी आहे. मूळ शब्दाशी यमक जुळेल अशी जोडी शोधायची आणि पुढे यमकाचा शब्दच गाळायचा. ‘स्टेअर्स’ म्हणजे जिना. त्याचे झाले ‘ॲपल्स अँड पेअर्स’ आणि उरले नुसते ‘ॲपल्स’. ‘मनी’साठी ‘बीज अँड हनी’ आले. ‘फायव्हर’शी ‘गोडायव्हा’ जुळली. यमक गळाले की परक्याला धागाच सापडत नाही.

ही बोली चोरांनी पोलिसांना चकवायला काढली, असे सर्रास सांगतात. जॉन कॅम्डन हॉटन यांनी १८५९ च्या आपल्या कोशात तिचे पितृत्व वेगळ्यांना दिले: रस्त्यावर गाणी आणि चोपडी विकणाऱ्या फेरीवाल्यांना. त्यांच्या हिशेबाने ती तेव्हा जेमतेम बारा-पंधरा वर्षांची होती, म्हणजे जन्म १८४० च्या दशकातला. हातगाडीवर भाजी-फळे विकणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. ते शब्द उलटे करत. ‘पेनी’चे ‘येनेप’ होई. गिऱ्हाइकासमोर आपसांत भाव बोलायचा, तर अशी सोय हवीच. शिवाय ज्या बोलीचा कोश छापून विकला जातो, ती निव्वळ गुपित राहिलेली नसते. ऐट आणि थट्टाही तिच्यात असणारच.

‘मंकी’ मात्र यमकातून आलेला नाही. हिंदुस्थानातल्या पाचशे रुपयांच्या नोटेवर माकड होते आणि गोऱ्या शिपायांनी तो शब्द मायदेशी नेला, ही त्याची लोकप्रिय जन्मकथा. अडचण एवढीच, की तशी नोट कुणाला दाखवता आलेली नाही. हिंदुस्थान सरकारच्या कागदी चलनाचा कायदाच १८६१ चा, आणि शब्द त्याआधीपासून लंडनच्या जुगारी वर्तुळात रुळलेला. ‘पोनी’ही तितकाच जुना. पुढे गंमत अशी झाली, की या ‘पोनी’लाच यमक जुळवून ‘मॅकरोनी’ म्हणू लागले. टोपणनावालाच टोपणनाव मिळाले!

नाणे गेले की त्याचे नावही मागे पडते. १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले आणि शिलिंगचा ‘बॉब’, सहा पेन्सचा ‘टॅनर’ रोजच्या व्यवहारातून उतरणीला लागले. पण टाकसाळ बंद पडली नाही. दहाच्या नोटेला, म्हणजे ‘टेनर’ला, ब्राझीलच्या मोटारशर्यतपटूवरून ‘आयर्टन सेना’ हे नाव मिळाले. ‘पाव्हारोत्ती’ हेही दहाचेच नाव. तिथे यमक नाही, गायकाच्या ‘टेनर’ आवाजावर केलेला श्लेष आहे.

तेव्हा पैशाच्या टोपणनावाची रंगतदार जन्मकथा कुणी ऐकवली, तर जरूर ऐकावी. खरी मानण्याआधी मात्र सालाचा हिशेब मांडून पाहावा.