सेंटच्या बाटलीतला मनू

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या घरात जातो. अशाच एका दुपारी विहारातल्या अभ्यासवर्गात जाहिरातींवर चर्चा चालली होती. एका पोरानं विचारलं, "ताई, मग आता सेंटबी लावू नये का? घामाचा वास आला तं कोणी बाजूले बसू देत नाही." सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या आज्या-पणज्यांनाही कोणी बाजूला बसू देत नव्हतं, आणि त्याचं कारण घाम नव्हतं.

सेंट लावायचा की नाही, हा वाद नाहीच. बाटलीसोबत आणखी काय विकलं जातं, हा वाद आहे.

अ‍ॅक्स हा डिओ १९८३ मध्ये फ्रान्समध्ये आला आणि पुढे भारतात पोचला. त्याच्या जाहिरातींची गोष्ट वर्षानुवर्षं एकच राहिली. पोरगा फवारा मारतो आणि बाया भान हरपून त्याच्यामागे धावतात. तिला नाव नाही, काम नाही, नकार देण्याचा हक्क तर नाहीच. इतर कंपन्यांनीही हाच साचा उचलला. अखेर मे २०११ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला अशा डिओ-जाहिरातींवर कारवाई करायला जाहिरात मानक परिषदेला सांगावं लागलं.

माध्यमांचे अभ्यासक हे आधीच सांगत होते. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये सिनेमाबद्दल 'पुरुषी नजर' ही कल्पना मांडली. पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री, अशी ती वाटणी. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७९ च्या पुस्तकात शेकडो जाहिरातींची चित्रं शेजारी-शेजारी मांडली. पुरुष उभा, स्त्री झुकलेली किंवा आडवी. पुरुष वस्तू घट्ट धरतो, ती नुसती बोटं फिरवते. कोण वर आणि कोण खाली, हे एक शब्द न बोलता शिकवलं जातं. वरची जागा, खालची जागा! हे शास्त्र आपल्याला परदेशातून शिकायची गरज नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात दाखवून दिलं होतं की स्त्रीवर ताबा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही.

आता जून २०२२ कडे या. लेयर शॉट या बॉडी स्प्रेची जाहिरात टीव्हीवर आली. दुकानात एकटी तरुणी, मागे चार पोरं. आपण चौघे आणि ही एकच, 'शॉट' कोण घेणार, अशी त्यांची दुअर्थी भाषा. ती घाबरून वळते, तेव्हा कळतं की बोलणं शेवटच्या बाटलीबद्दल होतं. देशभर संताप उसळला. ४ जूनला मंत्रालयानं ट्विटर आणि यूट्यूबला जाहिरात काढायला लावली. कंपनीनं माफी मागितली.

वर्गात एक पोरगा म्हणाला, "ताई, कॉमेडी होती ते." मागच्या रांगेतली मुलगी म्हणाली, "मी तिथं असते तं पहिले दरवाजा कुठं हाय ते पाह्यलं असतं."

स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये हेच मांडलं. संदेश बनवणारा एक अर्थ भरतो, पण पाहणारा आपल्या जागेवरून तो उलगडतो आणि नाकारूही शकतो. पोराला विनोद दिसला, पोरीला धोका दिसला. ज्या विदर्भात २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडली, तिथल्या आपल्या लेकीबाळींनी 'अनेक पुरुष, एकटी बाई' यावर हसावं तरी कसं?

आणि हे सगळं विक्रीसाठी लागतंच, हेही खोटं आहे. फॉगनं 'बिना गॅसचा' एवढाच मुद्दा लावून धरला आणि तो बाजारात पुढे निघून गेला.

सरकारची हरकत दोन्ही वेळा सभ्यतेच्या भाषेत होती. आपली हरकत वेगळी आहे. बाईनं अंगभर कपडे घातले की जाहिरात सुधारली, असं आपण मानत नाही. ती बक्षीस आहे की माणूस, हा आपला प्रश्न आहे.

मग सेंट लावावा का? याचं उत्तर इतिहासात आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची ओळख सांगणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने टाकून द्यायला सांगितलं. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाईच्या शरीरावर बाईचा हक्क, हा विषय आजही घरात निघत नाही. त्यांनी तेव्हा अध्यक्षपदावरून संततिनियमनाबद्दल बोलून दाखवलं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्वच्छ राहायला सांगितलं, आणि बायकोनं नवऱ्याची गुलाम न होता मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभं राहावं, हेही सांगितलं.

स्वच्छता आणि बरोबरी, दोन्ही एकाच भाषणात. जाहिरातवाले यातली स्वच्छता उचलतात, बरोबरी फेकून देतात आणि वर घामाची लाज चिकटवतात. कपाशी निंदणाऱ्या, वेचणाऱ्या मायच्या अंगाला घामाचाच वास येणार. त्याची लाज आपण का बाळगायची?

म्हणून त्या पोराला सांगितलं, लाव बाबा सेंट, खुशाल लाव. पण बाटली घेताना तिच्यासोबत आपली मायबहीण बक्षीस म्हणून विकली जातेय का, तेवढं पाहत जा. आणि तशी जाहिरात दिसली तर हसून सोडू नको. जाहिरात मानक परिषदेकडे कोणीही तक्रार करू शकतो. पुढच्या रविवारी वर्गात बसून ती लिहू. आधी मागच्या रांगेतली मुलगी बोलेल, मग तू.

जय भीम!