अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची शेवटची लढाई कोठे झाली?

अमेरिकेतील शाळांत मुलांना त्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास लहान वयातच शिकवितात. त्यामुळे आपल्या समाजातील मुलामुलींच्या तोंडी बोस्टन, लेक्सिंग्टन, यॉर्कटाउन ही नावे सहज बसलेली असतात. नागरिकत्वाच्या परीक्षेस बसलेल्या वडील मंडळींनीही ती एकदा पाठ केलेलीच असतात. शिक्षणशास्त्राच्या वर्गात आम्हांस सांगत असत की, ज्या प्रश्नाचे उत्तर दिले की तो मिटतो, तो परीक्षेचा प्रश्न होय. आणि ज्याच्या उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो, तो शिकविण्याचा प्रश्न होय. या दुसऱ्या जातीचे काही प्रश्न येथे वाचकांपुढे ठेवीत आहे. ते आहेत अमेरिकेच्या इतिहासाचे, परंतु त्यांची वाट आपल्या कोकणाकडे आणि मुंबईच्या मांडवी भागाकडे येते.

सोपा प्रश्न प्रथम घेऊ. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. हा चहा कोठला? पुष्कळ मुले ‘इंडियाचा’ असे उत्तर देतात, कारण त्या पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या हे त्यांनी वाचलेले असते. पण चहा होता चीनचा. हिंदुस्थानात चहाचे मळे लावण्यास आसामात सुरुवात झाली ती त्यानंतर साठ वर्षांनी, १८३० नंतरच्या काळात. मात्र पेट्यांवरची मालकी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या कंपनीचा चहा बोस्टनच्या लोकांनी बुडविला, त्याच कंपनीच्या मुंबई पलटणींत आपल्या पूर्वजांनी नोकरी धरली होती.

दुसरा प्रश्न अधिक गमतीचा आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात एका हिंदी राजाच्या नावाचे जहाज लढले, ते कोणते? पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ताफ्यात ‘हैदर अली’ नावाचे जहाज होते. ८ एप्रिल १७८२ रोजी डेलावेअरच्या खाडीत कॅप्टन जोशुआ बार्नी याने या जहाजानिशी आपल्याहून बलाढ्य असे ‘जनरल मंक’ हे इंग्रजी जहाज अर्ध्या तासाच्या आत जिंकून घेतले. फिलिप फ्रेनो या अमेरिकन कवीने या पराक्रमावर कविताही रचली. फिलाडेल्फियाच्या लोकांना म्हैसूरच्या नबाबाचे नाव ठाऊक कसे? ठाऊक होते, कारण तो त्यांच्या शत्रूचा शत्रू होता. सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूर येथे हैदरने आणि त्याचा मुलगा टिपू याने कर्नल बेली याच्या इंग्रजी सैन्याचा जो धुव्वा उडविला, त्याची बातमी समुद्र ओलांडून तेथवर पोहोचली होती.

आता हैदर इंग्रजांवर का उठला, हे पाहिले पाहिजे, कारण येथेच दोन खंडांचे धागे एकत्र येतात. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकेशी मैत्रीचा तह केला. त्यामुळे इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपले. ही वार्ता हिंदुस्थानात येताच इंग्रजांनी येथील फ्रेंच ठाण्यांवर झडप घातली. प्रथम पुदुच्चेरी घेतले आणि मार्च १७७९ मध्ये मलबार किनाऱ्यावरील माहे हे बंदर घेतले. हैदरला शस्त्रे व दारूगोळा येई तो या माहे बंदरातून, आणि ते आपल्या संरक्षणाखाली आहे असे त्याने इंग्रजांस बजावले होते. इंग्रजांविरुद्ध त्याच्या इतरही तक्रारी होत्या, पण माहेचे निमित्त मोठे ठरले. जुलै १७८० मध्ये तो कर्नाटकात उतरला. यालाच आपण दुसरे म्हैसूर युद्ध म्हणतो. त्याच सुमारास कंपनीचे मराठ्यांशीही युद्ध चालू होते आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईच्या फौजेची नामुष्की झाली होती. त्या मराठी युद्धाची कारणे निराळी आहेत. तथापि पुण्याच्या दरबारात सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील १७७७ मध्ये येऊन बसला, तेव्हा इंग्रजांची झोप उडाली होती, एवढे सांगून पुढे जातो.

आता शीर्षकातील प्रश्न. शाळेतले उत्तर यॉर्कटाउन, १९ ऑक्टोबर १७८१. अमेरिकेच्या भूमीवरील शेवटची मोठी लढाई म्हणून ते बरोबरच आहे. पण अमेरिकेपायी पेटलेले युद्ध तेथे विझले नाही. इंग्लंड व फ्रान्स यांच्यात तहाचा मसुदा सही झाला तो २० जानेवारी १७८३ रोजी, आणि ही बातमी जहाजाने हिंदुस्थानात येण्यास पाच महिने लागले. त्या अवधीत, जून १७८३ मध्ये, मद्रासच्या दक्षिणेस कडलूर येथे इंग्रज व फ्रेंच एकमेकांचे रक्त सांडीत होते. १३ जूनला जमिनीवर लढाई झाली, २० जूनला समुद्रावर अॅडमिरल सफ्रेन आणि अॅडमिरल ह्यूज यांच्या आरमारांची गाठ पडली, आणि जून संपता संपता तहाची बातमी आली. अमेरिकन फौज तेथे नव्हती, तरी पुष्कळ इतिहासकार कडलूरला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची अखेरची लढाई मानतात. शेकडो माणसे झालेल्या तहानंतर मेली, ती केवळ टपाल संथ होते म्हणून.

फ्रेंचांनी शस्त्रे ठेविली, पण टिपूने ठेविली नाहीत. हैदर डिसेंबर १७८२ मध्ये वारला होता. १७८३ च्या आरंभी जनरल मॅथ्यूज याने मुंबईची फौज घेऊन बेदनूर काबीज केले, पण टिपूने उलट वेढा घातला आणि एप्रिलच्या अखेरीस मॅथ्यूजला शरण यावे लागले. तो कैदेतच मेला. या युद्धात मुंबई फौजेतील जे शिपाई व अंमलदार टिपूच्या हाती सापडले, त्यांत बेने इस्राएल होते, आणि त्यांत एक होते सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच शमुएल एझकिएल दिवेकर.

पुढील कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. हाईम सामुएल केहिमकर यांनीही ती आपल्या इतिहासग्रंथात नोंदविली आहे. कैद्यांस देहान्ताची शिक्षा व्हावयाची होती. त्यांना जात विचारण्यात आली तेव्हा त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे सांगितले. हे नाव कुराणात वारंवार येते, त्या लोकांपैकी प्रत्यक्ष माणसे आपण प्रथमच पाहत आहोत असे म्हणून टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचले. सामाजींनी नवस केला होता की, सुखरूप सुटलो तर मुंबईत सिनेगॉग बांधीन. मुलांना ही कथा जरूर सांगावी, पण ती परंपरा आहे हेही त्याच वेळी सांगावे. टिपूच्या आईचे बोलणे कोणी लिहून ठेविले नव्हते. मात्र मुंबईच्या मांडवी भागातील शाआर हारहामिम, म्हणजे दयेचे द्वार, हे सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले यात शंका नाही. त्या गल्लीस सॅम्युअल स्ट्रीट हे नाव सामाजींवरूनच पडले. जवळच्या रेल्वे स्टेशनाचे ‘मस्जिद’ हे नावही आपल्या या जुन्या मशिदीवरून आले, असे सर्वत्र सांगतात.

म्हणजे साखळी अशी दिसते: फ्रान्सने अमेरिकेचा हात धरला, म्हणून माहे पडले, माहे पडले तसा हैदर उठला, हैदर उठला म्हणून सामाजी कैदेत गेले, आणि कैदेतील नवसातून आपले पहिले सिनेगॉग झाले. इतिहासात अशा साखळ्या जपून जुळवाव्यात, एखादी कडी नसती तर पुढची झालीच नसती असे छातीठोकपणे म्हणू नये. पण यातील कडी न् कडी तपासून घेता येण्यासारखी आहे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या मुलांनी विचारला तर त्यांस टाळू नये. अमेरिकेच्या वर्गात ‘आपण राजाविरुद्ध लढलो’ असे शिकवितात. मग आपले आजे-पणजे कोणत्या बाजूस होते? उत्तर सरळ आहे. ते राजाच्या बाजूस होते, कंपनीचे मीठ खात होते. ज्या लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने यॉर्कटाउन येथे वॉशिंग्टनपुढे शस्त्रे ठेविली, तोच १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणास जाऊन त्याने टिपूचे दोन लहान मुलगे ओलीस घेतले, आणि १८०५ मध्ये गाझीपूर येथे मेला. त्याची कबर तेथे आहे. अमेरिकेच्या पुस्तकांत हरलेला सेनापती, तो आपल्याकडे जिंकलेला.

यात लाजण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही, पण झाकण्यासारखेही नाही. शिवाय त्या काळी अमेरिकेतील यहुदीही सर्व एका बाजूस नव्हते. त्यांची संख्या दोन-अडीच हजारांहून अधिक नसेल. दक्षिण कॅरोलायनाचा फ्रान्सिस साल्व्हादोर १ ऑगस्ट १७७६ रोजी स्वातंत्र्याच्या बाजूने लढताना पडला. न्यूयॉर्कचे हजान गेर्शोम मेंडेस सैशास इंग्रज येण्यापूर्वी सिफ्रे तोरा घेऊन शहर सोडून गेले. आणि न्यूपोर्टचे हजान आयझॅक टूरो मात्र राजाशी एकनिष्ठ राहिले. त्यांनीच १७६३ मध्ये तेथील सिनेगॉगचे उद्‌घाटन केले होते. इंग्रजांबरोबर ते न्यूयॉर्कला व तेथून जमैका बेटावर गेले आणि तेथेच वारले. त्यांच्या मुलांनी पुढे मोठी देणगी ठेविली, म्हणून त्या सिनेगॉगला आज ‘टूरो’ म्हणतात. ऑगस्ट १७९० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन याने न्यूपोर्टच्या यहुदी मंडळीस जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात म्हटले आहे की, येथे एका वर्गाने दुसऱ्यास मेहेरबानी म्हणून सहन करावे असे नाही, सर्वांस सारखाच नागरिकत्वाचा हक्क आहे. हे पत्र त्या सिनेगॉगमध्ये दरवर्षी वाचले जाते. राजनिष्ठ बापाचे नाव धारण करणाऱ्या वास्तूत पहिल्या अध्यक्षाचे पत्र वाचताना कोणालाच अवघडल्यासारखे होत नाही.

ते पत्र लिहिले गेले तेव्हा मुंबईत आपले एकही सिनेगॉग नव्हते. सहा वर्षांनी ते झाले, पण त्यात ठेवण्यास सेफेर तोरा हवा होता. तो आणण्यासाठी सामाजी कोचीनला गेले. १७९७ साली ते तेथेच मरण पावले.