मुलांसह रायगडावर

रायगडावर प्रथमच गेलेलीं मुलें बहुधा हिरमुसलीं होतात. राजवाडा म्हटला म्हणजे उंच छत, रंगविलेल्या भिंती आणि झुंबरें असें चित्र त्यांच्या मनांत असतें. प्रत्यक्षांत दिसतात तीं दगडी जोतीं. “राजवाडा कोठें आहे?” हा त्यांचा पहिला प्रश्न. वडीलधाऱ्यांनीं तो हंसण्यावारी नेऊं नये. येथील वाड्यांचीं जोतीं दगडाचीं, परंतु वरचें काम मुख्यत्वें लांकडाचें होतें. १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल प्रॉथर याच्या इंग्रज फौजेनें गडावर तोफगोळ्यांचा मारा केला, आग भडकली, आणि १० मे रोजीं गड इंग्रजांच्या हातीं गेला. लांकूड जळालें, दगड उरला.

आतां रज्जुमार्गानें कांहीं मिनिटांत माथा गांठतां येतो. तथापि धडधाकट मुलांस एकवेळ तरी पायऱ्यांनींच न्यावें. महादरवाजा दोन प्रचंड बुरुजांच्या आड असा बसविला आहे कीं, अगदीं जवळ जाईपर्यंत तो दृष्टीस पडत नाहीं. गड अवघड म्हणजे काय, हें दमलेल्या मुलास मग वेगळें समजावून द्यावें लागत नाहीं.

माथ्यावर राजसभेच्या जागीं ६ जून १६७४ रोजीं शिवाजीमहाराजांस राज्याभिषेक झाला. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन त्या समारंभास हजर होता. त्याच्या रोजनिशींत मुलांस रुचेल असें पुष्कळ आहे. तो सिंहासनापासून दूर उभा राहिला असतां त्याचा दुभाषी नारायण शेणवी यानें नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांचें लक्ष गेलें आणि त्यांनीं त्यांस जवळ बोलाविलें. सिंहासनापाशीं भाल्याच्या टोंकावर सोन्याचा तराजू होता. तें न्यायाचें चिन्ह. द्वाराशीं हत्ती पाहून मात्र ऑक्झेंडन चकित झाला. इतक्या बिकट वाटेनें हे वर आणले तरी कसे? घाम गाळीत वर आलेल्या मुलांस हा प्रश्न आपलाच वाटतो.

पुढें बाजारपेठ लागते. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकींत २२ गाळे. जोतीं उंच आहेत, म्हणून घोड्यावरून न उतरतां खरेदी होत असे, असें वाटाडे सांगतात. येथें मुलांस एक भेद शिकवावा: उंच जोतें हा पुरावा, घोडेस्वार हें अनुमान. हिरकणी बुरुजाचीही तीच गोष्ट. सायंकाळीं दरवाजे बंद झाले आणि घरीं तान्हें मूल, म्हणून एक गवळण कडा उतरून गेली, ही कथा ऐकतांना मुलें श्वास रोखतात, आणि मग विचारतात, “हें खरें आहे का?” ही दंतकथा आहे, असें सरळ सांगावें. त्यानें मुलाचा आनंद हिरावला जात नाहीं. लोकांनीं ती इतकीं वर्षें जपली, हेंही सत्यच आहे. उलट जें मूल एकदां फसविलें गेलें, तें पुढें खऱ्या इतिहासावरही विश्वास ठेवीत नाहीं.

आणि खऱ्या इतिहासांतही आईची व मुलाची कथा आहे. १६८९ सालीं संभाजीमहाराजांच्या वधानंतर मोंगलांचा वेढा पडला. येसूबाईंनीं राजारामांस गडाबाहेर पाठविलें आणि आपण मुलासह मागें राहिल्या. वर्षअखेरीस गड पडला व मायलेकरें कैद झालीं. त्या वेळीं शाहूमहाराज ७ वर्षांचे होते. त्यांची सुटका १७०७ सालीं झाली. येसूबाई १७१९ सालीं परत आल्या. सात वर्षांच्या मुलास हें सांगितलें म्हणजे तें गप्प होतें आणि पुन्हां एकवार त्या जोत्यांकडे पाहतें.

शेवटीं जगदीश्वराच्या देवळाशीं थांबावें. एका पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकर याचें नांव कोरलेलें आहे. जवळच महाराजांची समाधि आहे; ३ एप्रिल १६८० रोजीं ते याच गडावर निवर्तले. येथें व्याख्यान नको. मुलांस पायरीवरील अक्षरें बोटानें शोधूं द्यावींत, आणि उजेड आहे तोंच गड उतरावा.