ऐकू न येणारे अक्षर

जळगावला आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकते. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली. शुद्धलेखनात ‘अक्ल’ हा शब्द तिने ‘अलिफ’ ह्या अक्षराने सुरू केला होता. बाईंनी त्यावर लाल फुली मारून ‘ऐन’ ह्या अक्षराने लिहायला सांगितले होते. तिचा प्रश्न सरळ होता : “अंकल, ऐन बोलता तो कोई नहीं, फिर लिखते क्यों?”

मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. भाषा हा माझा विषय नव्हे. पण प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. जे अक्षर कोणी उच्चारत नाही, ते शेकडो वर्षे का लिहिले जाते? उत्तर शोधताना लक्षात आले, की हे अक्षर केवळ तिच्या वहीत नाही. त्याच्या खुणा आपल्या रोजच्या मराठीतही आहेत.

डोळ्याचे अक्षर

‘ऐन’ ह्या अरबी शब्दाचा अर्थ ‘डोळा’. अक्षराला असे नाव का मिळाले, हे समजण्यासाठी इजिप्तच्या सिनाई वाळवंटात जावे लागेल. तेथे सेराबित अल-खादिम ह्या ठिकाणी पिरोजा ह्या रत्नाच्या प्राचीन खाणी आहेत. १९०५ मध्ये फ्लिंडर्स पेट्री ह्या पुरातत्त्वज्ञाला तेथे दगडांवर काही वेगळ्याच खुणा आढळल्या. त्या दिसायला इजिप्शियन चित्रलिपीसारख्या होत्या; पण त्यांची संख्या फारच थोडी होती. १९१६ मध्ये ॲलन गार्डिनर ह्यांनी पुन्हा पुन्हा येणारा चार खुणांचा एक गट वाचून दाखवला. घर, डोळा, बैल हाकण्याची काठी आणि फुली अशा त्या खुणा होत्या.

गार्डिनर ह्यांची युक्ती साधी होती. चित्रातील वस्तूचे सेमिटिक भाषेतील नाव घ्यायचे आणि त्या नावाचा केवळ पहिला ध्वनी वाचायचा. आपण अंकलिपीत ‘ग गवताचा’ शिकवतो, तसेच हे. घराचा ‘ब’, डोळ्याचा ‘ऐन’, काठीचा ‘ल’ आणि फुलीचा ‘त’ मिळून ‘बअलत’ हा शब्द झाला. त्याचा अर्थ ‘स्वामिनी’, म्हणजे तेथील देवी. साडेतीन हजार वर्षांहून जुन्या ह्या लिपीचे कुलूप ज्या शब्दाने उघडले, त्यातच आपला डोळा होता.

पुढे फिनिशियन लोकांनी डोळ्याचे नुसते वर्तुळ केले. ग्रीकांनी त्यांच्याकडून लिपी घेतली. पण ग्रीक भाषेत ऐनचा ध्वनीच नव्हता. मोकळे पडलेले ते वर्तुळ त्यांनी ‘ओ’ ह्या स्वरासाठी वापरले. इंग्रजीतील ‘ओ’ हे अक्षर तेच. दुसरीकडे अरामी लेखनात वर्तुळ वरून उघडले आणि नबाती लिपीतून येता येता अरबीत त्याला निराळेच वळण मिळाले. इंग्रजी तीनचा आकडा आरशात पाहावा, तसे अरबी ऐन दिसते. म्हणूनच रोमन अक्षरांत संदेश लिहिताना अरब तरुण ऐनच्या जागी तीनचा आकडा टाकतात. म्हणजे इंग्रजी शाळेतला ‘ओ’ आणि उर्दू शाळेतला ‘ऐन’ ही सख्खी भावंडे आहेत!

खानदेशात आगमन

आता ह्या ध्वनीकडे पाहू. क, ख, ग म्हणताना आपल्या जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो. ऐनचा उच्चार त्याच्याही खाली, घशाच्या पोकळीत होतो. जिभेचे मूळ मागे सरकते, घसा आवळला जातो आणि स्वरतंतू कंप पावत राहतात. अरबी भाषकाला हे पक्के व्यंजन वाटते. फारशीत मात्र हा ध्वनी नव्हता आणि मराठीतही नव्हता.

खानदेशात अरबी शब्द आले ते मुख्यतः फारशीच्या हात धरून. १३८२ पासून १६०१ पर्यंत येथे फारुकी घराण्याचे राज्य होते. त्याचे पहिले ठाणे तापीकाठचे थाळनेर. ह्या घराण्यातील राजांच्या कबरी तेथे आजही आहेत. पुढे मोगल आले. कचेरीची भाषा फारशी, त्यामुळे तिचे शब्द कागदांवरून गावच्या चावडीपर्यंत उतरले. जुन्या मराठी कागदांतील अशा शब्दांचा अभ्यास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी केला. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ मध्ये तेथेच स्थापन झाले.

हरवलेल्या ध्वनीच्या खुणा

लिहिताना ऐन टिकले, बोलताना गेले. पण ते कसेही गेले नाही. पुढील शब्द पाहा. ह्या सर्वांच्या मुळाशी ऐन आहे.

शब्दाच्या आरंभी असलेले ऐन मागमूस न ठेवता गेले : अर्ज, अदालत, अक्कल, इमारत, उमर. शब्दाच्या मध्ये ऐन असून त्याआधी ‘अ’ असेल, तर त्या ‘अ’चा ‘आ’ झाला : तालीम, तारीफ, दावा, तालुका. शेवटी, व्यंजनानंतर आलेल्या ऐनच्या जागी ‘आ’ बसला : जमा, मना. हे बदल बरेचसे फारशी आणि हिंदुस्थानी बोलणाऱ्यांच्या तोंडी आधीच झाले होते. मराठीने तयार रूपे उचलली. जीवाश्मात प्राणी उरत नाही, त्याचा ठसा उरतो. ‘तालुका’मधला ‘ता’ हा तसाच एक ठसा आहे.

आणखी गंमत म्हणजे ‘ऐन’ हे नावही मराठीत नांदते आहे. अरबीत ह्या शब्दाचा ‘डोळा’ ह्याखेरीज ‘नेमकी तीच वस्तू’ असाही अर्थ आहे. ‘ऐन दुपारी’, ‘ऐन हंगामात’ म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. (सातपुड्यातला ऐन हा वृक्ष मात्र वेगळा, त्याचा ह्या शब्दाशी संबंध नाही.)

मग लिहायचे कशाला?

मुलीला मी दोन शब्द लिहायला सांगितले : खायचा ‘आम’ आणि ‘सामान्य’ ह्या अर्थाचा ‘आम’. बोलताना दोन्ही एकच. तिने पहिला अलिफने लिहिला, दुसरा ऐनने; आणि मग स्वतःच हसली. कानाला न कळणारा फरक डोळ्याला कळला होता. शिवाय ऐन लिहिल्यामुळेच अक्ल, आकिल (शहाणा) आणि माकूल (वाजवी) हे शब्द एका कुळातले आहेत, हे तिला दिसू शकते.

ही अडचण केवळ उर्दूची नाही. ‘भाषा’ आणि ‘आशा’ ह्यांतील ष आणि श आपल्यापैकी किती जण वेगळे उच्चारतात? तरीही ‘भाशा’ लिहिणाऱ्याचा गुण आपण कापतोच. अहिराणी बोलणारे मूल घरी ‘डोया’ म्हणते आणि शाळेत ‘डोळा’ लिहिते. कान आणि वही ह्यांच्यातले हे अंतर ते रोज चालून येते.

म्हणून माझी शिक्षकांना एक विनंती आहे. अशी चूक आढळली तर फुली जरूर मारावी, पण सोबत त्या अक्षराची गोष्टही सांगावी. ‘अक्ल’ अलिफने लिहिणाऱ्या मुलीने कानाशी प्रामाणिक राहून लिहिले होते. तिला ठाऊक नव्हता तो इतिहास. वर्गात आठवडाभर सातबाराचा उतारा, तालुक्याच्या कचेरीतील अर्ज, जुन्या पावत्या जमवाव्यात आणि त्यांतले अरबी-फारशी शब्द वेगळे काढावेत. शेजारच्या उर्दू शाळेतील मुलांना ते उर्दूत लिहून द्यायला सांगावे. ऐन कोठे येते, हे आपली मुले वरच्या नियमांवरून आधीच ओळखू शकतील का, हे तपासता येईल. एखादा शब्द नियमात बसला नाही, तर फारच उत्तम. नवा शोध तेथूनच सुरू होईल.