शेणखत की वरखत? टोमॅटोच्या निमित्ताने एका जुन्या वादाची गोष्ट



टोमॅटो लागवडीची तयारी सुरू झाली की पारावर एक वाद हटकून निघतो. एकजण म्हणतो, "युरियाशिवाय पीक हलत नाही." दुसरा म्हणतो, "रासायनिक खतांनी जमिनीची वाट लावली." हा वाद आजचा नाही आणि त्याचा निकाल शेतातच लागलेला आहे. तो कसा, ते पाहू.

सन १८४३ मध्ये इंग्लंडात रॉदमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी गव्हाच्या शेताचे पट्टे पाडले. एका पट्ट्याला दरवर्षी शेणखत, काहींना नुसती रासायनिक खतं, एकाला काहीच नाही. तो प्रयोग आजही चालू आहे. शेणखतानं पिकलं, रासायनिक खतांनीही पिकलं. पण शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब दुपटीहून जास्त झाला. पुढे जादा उत्पन्नाचे वाण आले, तेव्हा शेणखतावर नत्रखताची जोड दिलेला पट्टा बहुधा सर्वांत सरस ठरला.

आपल्या देशात सुपर फॉस्फेटचा पहिला कारखाना १९०६ साली राणीपेट येथे निघाला. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. १९५१ मध्ये सिंद्रीचा कारखाना सुरू झाला आणि अमोनियम सल्फेटच्या गोण्या गावोगाव पोचू लागल्या. गोणी उचलायला सोपी, म्हणून उकिरडा मागे पडला.

मग १९७० पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने देशात ठिकठिकाणी दीर्घ मुदतीचे खतप्रयोग सुरू केले. हिमाचलातील पालमपूरच्या आम्ल जमिनीत नुसतं नत्र दिलेल्या पट्ट्यात पुढे पीक येईनासंच झालं. नत्र, स्फुरद, पालाश आणि सोबत शेणखत दिलं, तिथं उत्पन्न टिकलं. आपली काळी जमीन आम्ल नाही, पण धडा तोच.

आता टोमॅटोचा हिशेब करा. संकरित वाणाला एकरी सुमारे १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ६० किलो पालाश लागतं. एकरी ८ टन, म्हणजे सोळा-एक बैलगाड्या कुजलेलं शेणखत घातलं, तरी त्यात नत्र भरतं ४० किलोच्या आसपास. तेही सगळं पहिल्या हंगामात मिळत नाही. म्हणजे नुसत्या शेणखतावर भागत नाही. उलट नुसता युरिया ओतला, तर झाड पाल्यानं माजतं आणि फळ कमी धरतं.

तेव्हा असं करा. शेवटच्या कुळवणीआधी चांगलं कुजलेलं शेणखत पसरा. कच्चं नको, त्यानं हुमणी आणि तण वाढतं. लागवडीला अर्धं नत्र आणि संपूर्ण स्फुरद-पालाश द्या. सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून दिलं, तर चुनखडीच्या जमिनीत स्फुरद कमी अडकतं. उरलेलं नत्र हप्त्याहप्त्यानं, मातीची भर देताना द्या. त्याआधी माती तपासून घ्या आणि मात्रा त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

शेणखत जमिनीला पोसतं, वरखत पिकाला. दोघांनाही आपल्या वावरात जागा द्या. गोणीवरचा खर्च वाया जाणार नाही आणि जमीन पुढच्या पिढीच्या हाती धडधाकट जाईल.